स्पीड तर मिळाला, मग स्पोर्ट्स कारवाले इलेक्ट्रिकवर नाराज का?

आधी एक गोष्ट मिटवून टाकू म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. सरळ रस्त्यावर पळायच्या शर्यतीत पेट्रोल हरलंय आणि ते आता परत जिंकणार नाही. क्रोएशियाची इलेक्ट्रिक रिमाक नेवेरा शून्यावरून शंभरला दोन सेकंदांच्या आत जाते. आपल्या महिंद्राच्या मालकीची ऑटोमोबिली पिनिनफरिना म्हणून कंपनी आहे, तिची बतिस्ता पण तशीच (आतलं बरंचसं सामान रिमाकचंच आहे), आणि या बतिस्ताने इंदूरजवळ पिथमपूरच्या नॅट्रॅक्स ट्रॅकवर ताशी ३५० च्या वर स्पीड काढून दाखवलाय. त्यामुळे इलेक्ट्रिक म्हणजे गोल्फ कार्ट वगैरे जोक आता शिळे झाले.

तरीपण ज्यांना गाड्यांचं सगळ्यात जास्त वेड आहे तेच लोक इलेक्ट्रिक घ्यायला तयार नाहीत, आणि हे नुसतं कट्ट्यावरचं बोलणं नाहीये, आकड्यांत दिसतंय. पोर्शेने २०२४ मध्ये जगभरात २०,८३६ टायकान (ही त्यांची इलेक्ट्रिक गाडी) दिल्या, आदल्या वर्षापेक्षा ४९ टक्के कमी. लॅम्बोर्गिनीने आपली पहिली इलेक्ट्रिक २०२८ वरून २०२९ वर ढकलली. फेरारी आधी म्हणत होती २०३० पर्यंत आमच्या ४० टक्के गाड्या पूर्ण इलेक्ट्रिक असतील, ऑक्टोबर २०२५ मध्ये तो आकडा निम्म्यावर, म्हणजे २० वर आणला. लोटसने २०२८ पासून फक्त इलेक्ट्रिक असं जाहीर केलं होतं, आता हायब्रीडकडे वळलेत. आणि पोर्शेची ७१८, म्हणजे बॉक्स्टर आणि केमन, हिची पुढची पिढी फक्त इलेक्ट्रिक येणार होती, तर सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने सांगून टाकलं की टॉपच्या व्हर्जनमध्ये पेट्रोल इंजिन पण देऊ.

"जुनाट लोक आहेत, धुराचं व्यसन लागलंय" म्हणून हे उडवून लावता येतं. पण नीट ऐकलं तर त्यांच्या तक्रारींची खिचडी झालीय एवढंच. काही तक्रारी शुद्ध फिजिक्सच्या आहेत, त्यावर आज तरी इलाज नाही. काही इंजिनिअरिंगच्या आहेत आणि त्या आपल्या डोळ्यांदेखत सुटत चालल्यात. आणि काही निव्वळ आवडीनिवडीच्या आहेत, तिथे वाद घालून उपयोगच नाही. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त आरडाओरडा आवाजावरून होतो, आणि माझ्या मते खरी तक्रार वजनाची आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

वजन

एक किलो पेट्रोलमध्ये साधारण १२ युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे आपल्या लाइट बिलावरचंच युनिट. एक किलो बॅटरी पॅकमध्ये किती? जेमतेम ०.१५ ते ०.१८. सत्तर पट फरक! आता लगेच कोणीतरी म्हणेल की इंजिन दोन तृतीयांशपेक्षा जास्त ऊर्जा उष्णता करून वाया घालवतं आणि मोटर ८५-९० टक्के चाकापर्यंत पोचवते, ते बरोबरच आहे, पण तो हिशोब लावूनसुद्धा फरक वीस-पंचवीस पटींचा उरतो. पन्नास लिटरची टाकी फुल केली तर ३७-३८ किलो वजन वाढतं, आणि चालवता चालवता ते कमी होत जातं. टायकानची ९३ युनिटची बॅटरी एकटीच ६३० किलोच्या आसपास होती. जुनी मारुती ८०० अख्खी साधारण तेवढीच भरायची, म्हणजे गाडीच्या पोटात एक मारुती घेऊन फिरायचं, आणि चार्ज संपला तरी ती तिथेच.

आता स्पोर्ट्स कारचा सगळा इतिहासच वजन कमी करण्याचा आहे हो. १९९६ ची लोटस एलिस सव्वासातशे किलोची होती. माझदा एमएक्स-५ आजही हजार-अकराशेच्या आसपास. पोर्शे ९११ जीटी३ चौदाशे-साडेचौदाशे. आणि टायकान बावीसशे-तेवीसशे. डॉजची इलेक्ट्रिक चार्जर डेटोना तर सव्वीसशेच्या वर जाते. एमजीची सायबरस्टर, जी आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये ७५ लाखांच्या आसपास किमतीला आली (मुंबईच्या जेएसडब्ल्यूची भागीदारी असलेली एमजी), दिसायला छोटी दोन सीटची उघड्या टपाची रोडस्टर आहे, ५१० पीएस (म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच), शंभरला ३.२ सेकंद, सगळं झकास, पण वजन जवळजवळ दोन टन. दोन सीट, दोन टन!

यावर ठरलेलं उत्तर येतं की बॅटरी खाली फ्लोअरमध्ये असते, त्यामुळे सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी खाली जातो आणि गाडी वळणावर कलत नाही. खरं आहे. इलेक्ट्रिक सेडान वळणावर जितकी सपाट राहते तितकी पेट्रोलची राहत नाही. पण कलणं ही वेगळी गोष्ट आणि गाडीला दिशा बदलायला लावणं वेगळी. ताम्हिणी घाटात पाठोपाठ वळणं आहेत ना, डावं-उजवं-डावं, तिथे हे नीट कळतं. पहिल्या वळणाला जड इलेक्ट्रिक मस्त घुसते, तुम्ही खूष होता. लगेच उलटं स्टिअरिंग फिरवलं की मात्र जाणवतं की गाडीचं नाक वळलंय पण अंग अजून आधीच्याच दिशेला चाललंय, मध्ये एक अर्धा क्षण असा येतो की गाडी तुमचं ऐकू की नको असा विचार करतेय. हलकी गाडी तो विचार करत नाही. स्पोर्ट्स कारवाले ज्याला "फील" म्हणतात त्यातला निम्मा भाग हा अर्धा क्षण नसण्यात आहे. कंपन्या मागची चाकं वळवून, ॲक्टिव्ह सस्पेन्शन लावून, दोन्ही बाजूंना वेगवेगळी मोटर लावून हा क्षण झाकतात, आणि खूप छान झाकतात, पण त्या सगळ्या सामानाचंही परत वजन असतंच.

टायरचाही एक स्वभाव आहे. वजन दुप्पट केलं तर टायरची पकड दुप्पट होत नाही, दुपटीपेक्षा कमीच वाढते. म्हणून जड गाडीला रुंद टायर लागतात, रुंद टायर लावले की स्टिअरिंगमधून रस्ता कळायचा कमी होतो, आणि ते टायर झिजतात पण लवकर. ट्रॅकवर जाणाऱ्या माणसाला हे थेट खिशात जाणवतं.

आणि ब्रेक. ताशी २०० ने चाललेली १,४२० किलोची गाडी थांबवायची तर साधारण २२ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते, २,२५० किलोच्या गाडीला सुमारे ३५ लाख. वजन जितक्या पट तितक्याच पट, यात काही जादू नाही. रीजेन म्हणजे मोटरला उलटं जनरेटरसारखं वापरून ब्रेक लावणं, ते मदत करतं, आणि नव्या टायकानमध्ये ते ४०० किलोवॅटपर्यंत जातं, जे प्रचंड आहे. पण ताशी २०० वरून कच्चकन पूर्ण ब्रेक मारला तर पहिल्या क्षणाला या वजनाच्या गाडीत १,२०० किलोवॅटच्या घरात पॉवर रिचवावी लागते. म्हणजे रीजेनचा वाटा फार तर एक तृतीयांश, उरलेलं डिस्क आणि पॅडच्या डोक्यावर. शिवाय पॅडलखाली कधी मोटर ब्रेक लावतेय, कधी पॅड, ही अदलाबदल चालू असते आणि बऱ्याच गाड्यांत ती पायाला कळते. दाबलं तेवढं मिळत नाही, थोडं जास्त किंवा थोडं उशिरा मिळतं. रोज ऑफिसला जाणाऱ्याला याचं काही वाटणार नाही, हेअरपिनला, म्हणजे गाडी पूर्ण उलटी फिरवणाऱ्या वळणाला, शेवटच्या मीटरपर्यंत ब्रेक धरून ठेवणाऱ्याला वाटतं.

मग हलकी इलेक्ट्रिक बनतच नाही का? बनते, आणि तिचं उत्तम उदाहरण रेसिंगमध्ये आहे. अमेरिकेत कोलोरॅडोला पाइक्स पीक नावाचा डोंगर आहे, तिथे दरवर्षी गाडी वर चढवायची शर्यत होते, जवळपास २० किलोमीटर, १५६ वळणं, शिखर ४,३०२ मीटरवर. जून २०१८ मध्ये फोक्सवॅगनच्या आयडी.आर या इलेक्ट्रिक गाडीने रोमँ द्युमाच्या हाती ७ मिनिटं ५७.१४८ सेकंदांत ती चढाई केली, आठ मिनिटांच्या आत पहिल्यांदाच कोणीतरी वर पोचलं, आणि आधीचा रेकॉर्ड पेट्रोल गाडीचाच होता. याची कारणं दोन. एक म्हणजे उंचीवर हवा विरळ होते, इंजिनाला श्वास पुरत नाही आणि पॉवर पडते, मोटरला हवाच लागत नाही. आणि दुसरं, जे आपल्यासाठी महत्त्वाचं, आयडी.आरचं वजन अकराशे किलोच्या आत होतं. कसं? कारण तिला फक्त २० किलोमीटर जायचं होतं, त्यापुरतीच बॅटरी भरली.

इथेच सगळं गाडं अडलंय बघा. बॅटरीचं वजन रेंज ठरवते. दीड-दोनशे किलोमीटरच्या रेंजची, बाराशे किलोची इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार आज बनवता येईल, केटरहॅमने २०२३ मध्ये प्रोजेक्ट व्ही नावाचं साधारण तेवढ्याच वजनाचं मॉडेल दाखवलं, ५५ युनिटची बॅटरी आणि १,१९० किलोचं टार्गेट. पण शोरूममध्ये आलेला माणूस पहिला प्रश्न "रेंज किती?" हाच विचारतो, जरी त्याची गाडी महिन्यातून दोन रविवार लोणावळ्यापर्यंतच जाणार असली तरी. त्यामुळे कंपनी मोठी बॅटरी टाकते आणि मग तोच माणूस म्हणतो फार जड झाली.

गरम होण्याची भानगड

"ट्रॅकवर दोन लॅप मारल्या की गाडी हात टेकते" ही तक्रार पाच-सात वर्षांपूर्वी शंभर टक्के खरी होती. बॅटरीला आतला रेझिस्टन्स असतो, करंट दुप्पट केला की उष्णता चौपट होते. फुल ॲक्सलरेटर, मग रीजेन, परत फुल ॲक्सलरेटर, असं चालू ठेवलं की बॅटरी तापते आणि कंप्युटर तिला वाचवायला पॉवर कमी करतो. गाडी आजारी नसते, पण तुम्हाला मात्र निम्मीच मिळते.

उष्णता कमी करायचा एक उपाय म्हणजे व्होल्टेज वाढवणं. तेवढीच पॉवर ४०० ऐवजी ८०० व्होल्टवर दिली की करंट निम्मा लागतो, म्हणून तारा बारीक चालतात आणि त्या तापतातही कमी. टायकानने २०१९ मध्ये ८०० व्होल्ट आणलं ते यासाठीपण. मग बॅटरीचं कूलिंग सुधारलं, ट्रॅकवर जायच्या आधी बॅटरी मुद्दाम थंड करून घ्यायची सोय आली. जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगचे आकडे बघा, जवळपास २१ किलोमीटरची लॅप आहे, गाडीला तिथे लपायला जागा नाही. टेस्ला मॉडेल एस प्लेडने २०२१ मध्ये ७ मिनिटं ३५ सेकंद काढले होते. टायकान टर्बो जीटीने २०२३ मध्ये ७:०७. शाओमीच्या एसयू७ अल्ट्राने २०२५ मध्ये ७:०४. होय, फोनवाली शाओमी. ह्युंदाईने तर आयोनिक ५ एनबद्दल छातीठोकपणे सांगितलं की ही रिंगच्या दोन लॅप पॉवर न पाडता मारते. म्हणजे ही शंका संपत आलीय, पुढच्या दोन-चार वर्षांत तिच्याबद्दल कोणी बोलणारही नाही.

चार्जिंगची शंका मात्र बाकी आहे. ट्रॅकवर सरासरी २०० किलोवॅट वापर धरला तर २० मिनिटांच्या एका सेशनमध्ये ६५-६७ युनिट उडतात, म्हणजे जवळपास अख्खी बॅटरी. पेट्रोलवाला कॅनमधून पाच मिनिटांत तेल ओतून परत जातो. इलेक्ट्रिकवाल्याला आपल्या हायवेवर दिसतो तसला ६० किलोवॅटचा चार्जर मिळाला तरी तासाभराची निश्चिंती, आणि ३० चा असला तर जेवून, झोपून या. महाराष्ट्रातल्या माणसाला ट्रॅक डे (स्वतःची गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस) करायचा म्हणजे तसंही कोइम्बतूर, चेन्नई नाहीतर ग्रेटर नोएडा गाठावं लागतं, तिथपर्यंत गाडी चालवत नेऊन, वर ट्रॅक मारून, परत येणं हे इलेक्ट्रिकने म्हणजे प्लॅनिंगचं काम आहे. शिवाय बॅटरी उतरत जाते तसं व्होल्टेजही पडतं, त्यामुळे ९० टक्क्यांवरची लॅप आणि २० टक्क्यांवरची लॅप सारखी होत नाही. पेट्रोलची टाकी रिकामी होत आली की गाडी उलट हलकी होऊन जास्त पळते.

आवाज आणि गिअर

आता ज्याच्यावर सगळ्यात जास्त थट्टा होते तो विषय. "धडधड आवाज पाहिजे यांना, शेजाऱ्यांची झोपमोड करायला!" काहींना त्यासाठीच पाहिजे असतो हे मान्य, आमच्या सोसायटीच्या मागच्या रोडवर रात्री अकराला फटाके फोडत जाणारे सायलेन्सर आम्हीही ऐकतो. पण जो खरंच चालवतो त्याच्यासाठी आवाज ही माहिती असते. इंजिन कितीवर फिरतंय, गिअर बदलायची वेळ झालीय का, मागचं चाक स्लिप होतंय का, हे त्याला मीटरकडे न बघता कानाने कळतं. डोळे वळणावर, कान इंजिनवर. मीटर बघायला डोळे खाली गेले की तेवढ्यात गाडी पंधरा-वीस मीटर पुढे गेलेली असते.

गिअरचंही तसंच. हेअरपिन येतंय, तुम्ही तिसऱ्यात आहात, दुसऱ्यात यायचंय. उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबून धरलाय, डाव्याने क्लच, हाताने गिअर, आणि त्याच उजव्या पायाची कड किंवा टाच तिरकी करून ॲक्सलरेटरला एक टिचकी, आरपीएमचा (इंजिन मिनिटाला किती वेळा फिरतं त्याचा) काटा उडी मारतो, क्लच सोडला तर गाडीला एकही झटका नाही. हे सगळं एका सेकंदात. जमलं तर कोणाला कळत पण नाही, शेजारी बसलेल्याला तर नाहीच. ज्याला हे शिकायला वर्षं लागली त्याला तुम्ही सांगताय की आता याची गरजच नाही, तर तो नाराज होणारच की. सुतारकाम आवडणाऱ्याला तयार फर्निचर दाखवून "बघ तुझी मेहनत वाचवली" म्हटल्यासारखं आहे ते.

गरज का नाही, तर इंजिन बिचारं ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यातच नीट ताकद देतं, फार खाली गेलं की बंद पडतं, म्हणून गिअर आणि क्लच. मोटर शून्य आरपीएमवरच पूर्ण टॉर्क (चाक फिरवायचा जोर) देते आणि पंधरा-वीस हजारांपर्यंत फिरते, त्यामुळे बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांना एकच गिअर पुरतो (टायकानला मागे दोन आहेत, ते अपवाद). यातून एक असा फरक पडतो जो ब्रोशरमध्ये कोणी लिहीत नाही. मोटर आपली सगळी ताकद पहिल्याच क्षणी देऊन टाकते, आणि स्पीड वाढला की जोर ओसरत जातो. जीटी३ सारखं टर्बो नसलेलं, ९,००० आरपीएमपर्यंत जाणारं इंजिन उलटं वागतं, खाली शांत असतं आणि शेवटच्या दोन हजारांत वेडं होतं, आणि तिथपर्यंत त्याला तुम्हीच न्यायचं असतं. म्हणून इलेक्ट्रिकचा पहिला लाँच (उभ्या गाडीला एकदम फुल ॲक्सलरेटर) पोटात गोळा आणतो, दहावा मात्र सवयीचा होतो. आणि तिथपर्यंत न्यायची जी मजा आहे ती शंभरला किती सेकंदांत पोचली या आकड्यात कुठेच दिसत नाही.

कंपन्यांना हे कळलंय, त्यांनी वेगवेगळे प्रयोग चालवलेत. डॉजने डेटोनाला चक्क हवेचे पाइप आणि स्पीकर लावून १२६ डेसिबलपर्यंतचा नकली एक्झॉस्ट दिला. पण शेवटी त्याच चार्जरमध्ये सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिनही द्यावं लागलं. महिंद्राने ए. आर. रहमानकडून आवाज बनवून घेतले, ते ऐकायला गोड आहेत, पण त्यावरून गाडी काय करतेय हे कळत नाही. फेरारीचा विचार मला जास्त पटतो, त्यांच्या पहिल्या इलेक्ट्रिकमध्ये मागच्या ॲक्सलजवळ सेन्सर बसवून मोटर-गिअरची जी खरी थरथर आहे तीच पकडून मोठी करून ऐकवणार आहेत, इलेक्ट्रिक गिटार तारेची थरथर मोठी करते तसं. म्हणजे आवाज खराच आहे, बनावट नाही, आणि माहितीही देतो.

आणि आयोनिक ५ एन. यात गिअर नाहीतच, पण एक मोड आहे ज्यात आठ गिअर असल्याचं नाटक होतं. पॅडल ओढलं की मोटर एक क्षण टॉर्क तोडून झटका देते, खालच्या गिअरला रीजेन वाढतं, आणि तुम्ही वेळेवर गिअर टाकला नाही तर गाडी खोट्या रेडलाइनला (आरपीएमच्या कमाल मर्यादेला) आपटत राहते, पुढे जातच नाही. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण विचार करा, एक पूर्ण बरोबर चालणारी गाडी मुद्दाम थोडी वाईट केली आणि बऱ्याच पेट्रोलवाल्यांनीच ती डोक्यावर घेतली. का, तर चूक करायची सोय परत आली. चूक करता येते म्हणजेच नीट चालवल्याचं समाधान पण मिळतं.

रिमाकचे संस्थापक माटे रिमाक, ज्यांनी स्वतः जगातल्या सगळ्यात वेगवान इलेक्ट्रिक गाड्यांपैकी एक बनवली, त्यांनीच २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितलं की या किमतीच्या गाड्या घेणाऱ्यांना इलेक्ट्रिक नकोय, त्यांना मेकॅनिकल घड्याळासारखी गोष्ट हवीय. वेळ फोनवरही कळते, तरी लोक चावीचं स्विस घड्याळ लाखो रुपये देऊन घेतातच. त्याच वर्षी त्यांच्याच बुगाटी रिमाकने टूर्बियॉन आणली, टर्बो नसलेलं १६ सिलिंडरचं इंजिन आणि जोडीला मोटर. नावसुद्धा घड्याळाच्या यंत्रावरूनच.

म्हातारपण

याबद्दल कमी बोललं जातं पण मला ही शंका खूप रास्त वाटते. पोर्शे अभिमानाने सांगते की त्यांनी आजवर बनवलेल्या गाड्यांपैकी ७० टक्क्यांहून जास्त अजून रस्त्यावर आहेत. पन्नास वर्षांपूर्वीच्या इंजिनाचा पिस्टन लेथवर बनवून घेता येतो, चांगला मिस्त्री असला की झालं. बॅटरी मात्र नुसती उभी राहूनसुद्धा म्हातारी होते, आतली केमिस्ट्री हळूहळू बदलतेच. तीस वर्षांनी त्याच मापाचा, त्याच व्होल्टेजचा पॅक कोण बनवून देणार, आणि त्याच्याशी बोलणारं सॉफ्टवेअर कोण अपडेट करणार? टेस्लाने आपल्या पहिल्या रोडस्टरसाठी नंतर मोठ्या बॅटरीचा अपग्रेड काढला होता, म्हणजे कंपनीच्या मनात असलं तर होतं. पण ते तिच्या मनावर आहे हाच तर प्रश्न आहे. वापरलेल्या टायकानच्या किमती ज्या वेगाने घसरल्या त्यामागे नव्या मॉडेलच्या सुधारणा आहेत, तसाच हा अविश्वासही आहे.

(ज्यांच्याकडे इलेक्ट्रिक आहे आणि आठवडेच्या आठवडे उभी असते त्यांच्यासाठी: १०० टक्के चार्ज करून ठेवू नका, निम्म्याच्या आसपास ठेवा, उन्हात उभी करू नका. बॅटरीला फुल पोटाने गरमीत बसणं सगळ्यात जास्त बाधतं.)

आणि पर्यावरण?

इथे स्पोर्ट्स कारवाले एक हिशोब मांडतात आणि तो चुकीचा नाहीये. ८० युनिटची बॅटरी बनवताना युनिटमागे ७५ किलो धरले तर सहा टन कार्बन डायऑक्साइड आधीच बाहेर पडलाय. १०० किलोमीटरला १२ लिटर पिणारी पेट्रोल स्पोर्ट्स कार तेवढ्या अंतरात २७-२८ किलो सोडते. इलेक्ट्रिक २२ युनिट खाते, आणि आपल्या ग्रिडची वीज युनिटमागे साधारण ०.७ किलो, म्हणजे १५ किलो. वाचले १२-१३ किलो. वर्षाला तीन हजार किलोमीटर फिरणारी रविवारची गाडी असेल तर ते सहा टन फिटायला सोळा वर्षं लागतात. पेट्रोल उपसणं, शुद्ध करणं, आणणं धरलं तर थोडी कमी. पण हाच हिशोब वर्षाला पंधरा हजार किलोमीटरला लावा, तीन-सव्वातीन वर्षांत फिटतात. म्हणजे "माझी रविवारची गाडी इलेक्ट्रिक करून पृथ्वी वाचणार नाही" हे बरोबर, पण त्यावरून "इलेक्ट्रिक म्हणजे फसवणूक" म्हणणं साफ चूक. त्याच माणसाने रोजची ऑफिसची गाडी इलेक्ट्रिक केली तर रविवारची भरपाई होऊन वर उरेल.

ई-फ्युएलचं नाव पण याच ठिकाणी निघतं. विजेने पाण्यातून हायड्रोजन काढायचा, त्यात कार्बन डायऑक्साइड मिसळून पेट्रोल बनवायचं. पोर्शेने चिलीमध्ये पुंता अरेनासजवळ वाऱ्याच्या विजेवर चालणाऱ्या अशा प्लांटमध्ये पैसे घातलेत, डिसेंबर २०२२ ला तो सुरू झाला. जर्मनीने हट्ट धरून युरोपच्या २०३५ च्या नियमात (तेव्हापासून नव्या गाड्यांचा कार्बन १०० टक्के कमी करायचा) ई-फ्युएलला फट ठेवून घेतली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये युरोपियन कमिशनने १०० ऐवजी ९० टक्के कपातीचा प्रस्ताव मांडलाय. पण ई-फ्युएलने तेवढंच अंतर जायला इलेक्ट्रिकच्या पाचपट तरी वीज लागते, त्यामुळे ते जुन्या ९११ साठी ठीक आहे, वॅगनआरसाठी नाही.

सध्या तरी मधला रस्ताच चालतोय. मे २०२४ मध्ये आलेल्या ९११ जीटीएसमध्ये फक्त १.९ युनिटची बॅटरी आहे, स्कूटरमध्ये मावेल एवढी. ती गाडीला एकट्याने ओढायला नाहीच, टर्बोला इलेक्ट्रिक मोटरने आधीच फिरवून ठेवायचं आणि गिअरबॉक्समधून थोडा धक्का द्यायचा एवढंच तिचं काम. एकूण ५४१ पीएस, आणि आधीच्या जीटीएसपेक्षा वजन ५० किलोने जास्त. ५० किलो! वजनाची किंमत काय असते हे ज्यांना कळतं त्यांनी काढलेला तोडगा आहे हा.

तुम्हाला स्वतःला ठरवायचं असेल तर शोरूमवाल्याच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये सरळ रोडवर लाँच मारून घेऊ नका, तिथे इलेक्ट्रिक जिंकणार हे आधीच माहितीये. त्यापेक्षा वळणांचा रस्ता मागा, ब्रेक हळूहळू सोडत वळणात घुसा आणि पाय सोडताना पॅडल सरळ येतं का मध्येच अडखळतं ते बघा, मग लगोलग उलट्या वळणाला नाक आणि बूड एकत्र वळतंय का ते बघा. रीजेन एकदा कमीत आणि एकदा जास्तीत ठेवून हेच परत करा. बॅटरी ३० टक्क्यांच्या खाली असताना चालवायला मिळाली तर फारच उत्तम, पण ती सेल्समन देणार नाही.